डॉपलर नावाचा हिशेबनीस

गोंदियाच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याबाहेर बाकावर बसलेल्या माणसाच्या मांडीवरची फाईल सहज चाळली, तर त्यात एक कागद हमखास निघतो. वर मथळा असतो : टू-डी इको व कलर डॉपलर. टू-डी म्हणजे काय, इको म्हणजे काय, हे निदान कंपाउंडर तरी सांगतो. डॉपलरच्या वाटेला मात्र कोणी जात नाही. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची ठाम समजूत होती की, फिलिप्स किंवा सीमेन्ससारखी ही यंत्रे बनवणारी परदेशी कंपनी असणार.

डॉपलर कंपनी नव्हे, माणूस होता. तो डॉक्टर नव्हता. दवाखान्याशी त्याचा संबंध आला तो रोगी म्हणून. तो गेला तेव्हा ध्वनीच्या लहरींनी शरीराच्या आत पाहता येईल, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. तरीही आज काचेच्या पेटीत ठेवलेल्या, तळहाताएवढी छाती असलेल्या बाळाचे रक्त कोणत्या बाजूला वाहते आहे हे डॉक्टर सांगतात, ते त्याच्या जिवावर. म्हणून आज या माणसाची गोष्ट सांगायची आहे.

आजच्या ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग गावी २९ नोव्हेंबर १८०३ रोजी ख्रिस्तियान डॉपलर जन्मला. तारीख आपल्यालाही परकी नाही. त्याच दिवशी आपल्या विदर्भात, अकोल्याकडच्या अडगावला, नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला आणि पुढच्याच महिन्यात देवगावचा तह झाला. इकडे एक राज्य खचत होते, तिकडे पाथरवटाच्या घरी एक अशक्त मूल जन्माला येत होते. गावच्या ज्या चौकात हे घर, त्याच चौकात पूर्वी मोझार्ट या थोर संगीतकाराचे कुटुंब राहत असे. चर्चच्या नोंदवहीत मुलाचे नाव ख्रिस्तियान आंद्रेआस असे लिहिलेले आहे. पुढे जगभरच्या पुस्तकांनी त्याला योहान ख्रिस्तियान करून टाकले. नावात एवढी तफावत असलेल्या माणसाचे खाते आमच्या बँकेत उघडले नसते!

डॉपलर घराण्यात पिढ्यानपिढ्या दगडकामाचा धंदा. घडीव दगडाच्या चौकटी, थडगी, इमारतींचे दर्शनी भाग अशी कामे. बापाचा हात कसलेला आणि गावात नाव मोठे. साहजिकच मुलगा छिन्नी-हातोडा हाती घेणार, असे घरच्यांनी धरले होते. पण मुलाची छाती कमजोर. दगडाची भुकटी त्याला सोसणार नाही हे लवकरच दिसले. गावातल्या सिमॉन श्टाम्फर नावाच्या गणिताच्या प्राध्यापकाने मुलाची बुद्धी पारखली आणि याला व्हिएन्नाला तंत्रविद्यालयात घाला, असा सल्ला दिला. आपल्याकडेही अशी उदाहरणे घरोघर सापडतात. शेतीच्या कामाचा नाही म्हणून शाळेत घातलेला मुलगा पुढे मामलेदार होतो आणि धडधाकट भाऊ बांधावरच राहतो.

१८२२ साली तो व्हिएन्नाला गेला. गणितात चमकला. शिक्षण संपल्यावर चार वर्षे एका प्राध्यापकाच्या हाताखाली साहाय्यक म्हणून राहिला. १८३३ मध्ये ती मुदत संपली आणि तिशीचा हा विद्वान रस्त्यावर आला. नोकरीसाठी अर्ज, प्रत्येक जागेसाठी स्पर्धापरीक्षा, मग महिनोन् महिने वाट पाहणे. निकाल लागेपर्यंत पोट थांबत नाही. शेवटी त्याने एका कापसाच्या सूतगिरणीत हिशेबनिसाची नोकरी धरली आणि दीड वर्ष जमाखर्च लिहिला.

त्याच्या चरित्रकारांना हे दीड वर्ष वाया गेलेले वाटते. मला तसे वाटत नाही, आणि यात माझा थोडा स्वार्थ आहे. मी आयुष्याची छत्तीस वर्षे बँकेत काढली. त्यातली सात गोंदियात. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यातच होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. राईस मिलमधला धानाचा साठा तपासायला गेलो की तिथले मुनीम लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्या पुढे करत. दहावीही न झालेली ती माणसे, पण रोजमेळात रुपया कुठून आला आणि कुठे गेला हे त्यांना झोपेत विचारले तरी सांगता येई. हिशेबाचा सगळा गाभा तेवढाच आहे. रक्कम किती, हा दुसरा प्रश्न. ती आपल्याकडे आली की आपल्याकडून गेली, हा पहिला. जमा की नावे. डॉपलरच्या नावाने पुढे जी विद्या उभी राहिली तिचा पहिला प्रश्नही नेमका हाच आहे. सूतगिरणीने त्याला तो शिकवला असे कोणत्याही कागदात लिहिलेले नाही. पण जमाखर्च लिहिणाऱ्याच्या हाताला एक सवय लागते, एवढे मी अनुभवाने सांगतो.

१८३५ मध्ये तो या सगळ्याला कंटाळला. अमेरिकेत जायचे ठरवून त्याने सामानसुमान विकून टाकले, म्युनिकला जाऊन अमेरिकेच्या वकिलाची गाठही घेतली. आणि जहाज पकडण्याआधीच प्रागहून नेमणुकीचे पत्र आले. तंत्रशाळेत गणित शिकवायचे काम. मोठे पद नव्हे, पण कायम. पुढच्या वर्षी साल्झबर्गच्या एका सोनाराची मुलगी माथिल्डे हिच्याशी लग्न झाले. पाच मुले झाली. चेकभाषक प्रागमध्ये या जर्मनभाषक मास्तराचा संसार सुरू झाला आणि १८४१ मध्ये तो तिथल्या तंत्रविद्यालयात प्राध्यापक झाला.

२५ मे १८४२. प्रागच्या विद्यापीठाच्या एका दालनात बोहेमियाच्या विज्ञानसंस्थेची बैठक भरली होती. श्रोते जेमतेम पाच-सहा. आपल्याकडे साहित्य संघाच्या कार्यक्रमाला पावसाळ्यात असतात तेवढे. डॉपलरने जुळ्या ताऱ्यांच्या रंगीत प्रकाशाविषयीचा निबंध वाचला. म्हणणे असे होते की, प्रकाश किंवा ध्वनी लहरींनी येतो. उगमच आपल्याकडे येत असेल तर लहरी दाटीने येऊन पोचतील आणि दूर जात असेल तर विरळ होतील. समुद्रात लाटांच्या तोंडावर जाणाऱ्या जहाजाला लाटा लवकर लवकर धडकतात, लाटांबरोबर पळणाऱ्याला सावकाश, हा त्याने दिलेला दाखला.

आपण आपला दाखला घेऊ. समजा, आजोबा काशीयात्रेला निघाले आहेत आणि रोज न चुकता एक कार्ड टाकतात. ते दूर दूर जात असताना प्रत्येक कार्डाला आधीच्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. म्हणून घरी कार्डे दीड-दोन दिवसांच्या अंतराने येतात. आजोबा परत फिरले की प्रत्येक कार्डाचे अंतर कमी होत जाते आणि एकेका दिवशी दोन-दोन कार्डे पडतात. आजोबांनी कार्ड टाकण्याचा नेम बदललेला नाही. पण पोस्टमनच्या फेऱ्या मोजून आजी ओसरीवर बसल्या बसल्या सांगू शकते की स्वारी अजून पुढे चालली आहे की घराकडे वळली आहे. डॉपलरचे तत्त्व ते एवढेच.

आणि कानाने अनुभवायचे असेल तर गोंदियाच्या माणसाला लांब जायला नको. हावडा-मुंबई मार्ग घरावरून गेलेला. आमगाव, सालेकसासारख्या लहान स्टेशनावर उभे राहावे. न थांबणारी मेल गाडी शिट्टी देत येते तेव्हा तो सूर चढा असतो, आणि इंजिन समोरून निघून गेले की त्याच क्षणी सूर खाली घसरतो. ड्रायव्हरने काही बदललेले नसते. इंजिनात बसलेल्याला शिट्टी सारखीच ऐकू येते. गंमत अशी की, डॉपलरने हे मांडले तेव्हा प्रागला वाफेची गाडी आलेलीच नव्हती. ती आली १८४५ च्या ऑगस्टमध्ये. ज्या अनुभवाने आज शाळेतले मूल हे तत्त्व समजते, तो पाठीशी नसताना त्याने ते कागदावर काढले होते.

ताऱ्यांविषयी मात्र त्याचे चुकले. सगळे तारे मुळात पांढरे असतात, आपल्याकडे येणारे निळसर आणि दूर जाणारे तांबूस दिसतात, असे त्याचे म्हणणे. प्रत्यक्षात ताऱ्याचा रंग मुख्यतः त्याच्या तापमानावर ठरतो. प्रकाशाच्या वेगापुढे ताऱ्यांचा वेग इतका नगण्य असतो की डोळ्यांना रंगात फरक दिसणे शक्य नाही. तत्त्व खरे, उदाहरण खोटे. आणि लोक उदाहरणावरून तत्त्व मोडीत काढायला नेहमीच तयार असतात.

हॉलंडमधल्या बाउस बॅलट या तरुण शास्त्रज्ञाला हे सगळेच शंकास्पद वाटले. त्याने १८४५ मध्ये उट्रेख्ट ते मार्सेन या नव्या रेल्वेमार्गावर इंजिन मागवले, त्याच्या उघड्या डब्यावर तुतारीवाले बसवले आणि रुळांकडेला पक्क्या कानाचे वादक उभे केले. फेब्रुवारीतला पहिला प्रयत्न बर्फाच्या वादळाने उधळला. जूनमध्ये पुन्हा घाट घातला. गाडी येताना सूर चढा, जाताना उतरता. सुरांतला फरक वादकांनी टिपला आणि गणिताशी ताडून पाहिला. ध्वनीपुरता डॉपलर खरा ठरला. ताऱ्यांच्या रंगाचे त्याचे म्हणणे बाउस बॅलटने तरीही मानले नाही, आणि तेही योग्यच होते.

इथून हृदयापर्यंतचा रस्ता शंभर वर्षांचा आहे. तो मी भराभर चालून जातो. स्वीडनमधल्या लुंड गावी इंगे एडलर हे हृदयरोगतज्ज्ञ आणि हेलमुट हर्ट्झ हे पदार्थवैज्ञानिक यांनी जहाजबांधणीच्या गोदीत धातूतल्या भेगा शोधायचे यंत्र पाहिले आणि तशा यंत्राने २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद घेतली. कानाला ऐकू न येणारा, फार वरच्या पट्टीचा आवाज छातीत सोडायचा आणि त्याचा प्रतिध्वनी टिपायचा. इको म्हणजे प्रतिध्वनी, दुसरे काही नाही. दोन-तीन वर्षांतच जपानच्या ओसाका शहरात शिगेओ सातोमुरा यांनी या प्रतिध्वनीला डॉपलरची जोड दिली. हृदयाच्या हलत्या झडपांवरून परतणाऱ्या आवाजाचा सूर बदललेला असतो, हे त्यांनी पकडले. पुढे रक्ताच्या तांबड्या पेशींवरून परतणारा आवाजही टिपता येऊ लागला. रक्त यंत्राकडे येत असेल तर सूर चढा, यंत्रापासून दूर जात असेल तर उतरता. सालेकसाच्या फलाटावरची शिट्टीच ती, फक्त गाडीच्या जागी रक्त. १९८० नंतरच्या काही वर्षांत जपानी यंत्रांनी हा हिशेब पडद्यावर रंगांत मांडायला सुरुवात केली आणि कलर डॉपलर हा शब्द जन्माला आला.

मी तो पहिल्यांदा जवळून पाहिला माझ्या धाकट्या भावाच्या नातीमुळे. ती अपुऱ्या दिवसांची, एकतिसाव्या आठवड्यात झाली. वजन १,३०० ग्रॅम. तिला पेटीत ठेवले होते. नाकात नळी, बेंबीत नळी, पायाला तांबडा दिवा बांधलेला. चौथ्या दिवशी श्वासाचे यंत्र कमी करायचे तर ते कमी होईना, उलट वाढवावे लागले. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. एवढ्या जिवाला नळ्यांसकट हलवायचे की नाही, हा प्रश्न डॉक्टरांपुढे होता आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. मला मुद्दाम आत बोलावले ते बाळाच्या बापाचे पाय चालत नव्हते म्हणून.

डॉक्टरांनी लॅपटॉपएवढे यंत्र चाकांच्या टेबलावरून पेटीशी आणले. पेटीच्या गोल खिडकीतून हात आत घातला आणि कोमट केलेली जेली लावून पेन्सिलीच्या जाडीची दांडी तिच्या छातीवर अलगद टेकवली. गार जेलीनेसुद्धा अशा बाळाचा जीव घाबरा होतो, म्हणून ती आधी कोमट करतात, हे त्यांनी हात चालू असतानाच सांगितले. पडद्यावर एक करडी मूठ मिनिटाला दीडशे वेळा उघडझाप करीत होती. मग त्यांनी बटण दाबले आणि त्या करड्या चित्रात रंग उमटले. एक लाल धार सतत एका बाजूने येत होती. ती पाहून त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. मला मात्र लाल रंग पाहून धसका बसला होता.

त्या धारेची हकिगत समजून घेण्यासारखी आहे. पोटात असताना बाळाची फुप्फुसे कामाला लागलेली नसतात. प्राणवायू आईकडून वारेतून येतो. म्हणून फुप्फुसाकडे जाणारी धमनी आणि अंगभर रक्त नेणारी महारोहिणी यांच्यामध्ये निसर्गाने एक आडवाट ठेवली आहे. तिला डॉक्टर पीडीए म्हणतात. या वाटेने रक्त फुप्फुसाला वळसा घालून अंगात जाते. बाळ जन्मले, रडले, फुप्फुसे फुगली की आडवाटेचे काम संपते आणि पूर्ण दिवसांच्या बाळात ती दोन-तीन दिवसांत मिटते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ती पुष्कळदा उघडीच राहते. मग प्रवाह उलटतो. महारोहिणीतले रक्त अंगात जायचे सोडून फुप्फुसात लोटते. फुप्फुसे ओलावतात, श्वासाचे यंत्र सुटत नाही, आणि आतड्यांना, मूत्रपिंडांना रक्त कमी पडते.

पण हे झाले एक चित्र. दुसऱ्या एखाद्या बाळात जन्मानंतरही फुप्फुसांतला दाब उतरत नाही. तिथे आडवाटेने प्राणवायू नसलेले रक्त उलट अंगात शिरते आणि बाळ निळे पडते. तिसऱ्या बाळाचे हृदयच मुळात नीट घडलेले नसते. फुप्फुसाकडे किंवा अंगाकडे जाणारा हमरस्ता जन्मतः बंद असतो आणि सगळा जीव त्या आडवाटेवरच टांगलेला असतो. आता विचार करा. बाहेरून पाहिले तर तिन्ही बाळे धापा टाकणारी, कासावीस. पहिल्याची आडवाट बंद करण्याचे औषध द्यायचे. दुसऱ्याच्या फुप्फुसांतला दाब उतरवायचा. तिसऱ्याची आडवाट काही झाले तरी मिटू द्यायची नाही, त्यासाठी वेगळे औषध थेंब-थेंब चालू ठेवायचे. पहिल्याचे औषध तिसऱ्याला दिले तर बाळ हाती लागत नाही. छातीला नळी लावून दरवेळी हे कळत नाही, कारण अशा बाळाची आडवाट पहिल्या दिवसांत पुष्कळदा आवाजच करत नाही. रक्त कोणत्या बाजूने कोणत्या बाजूला चालले आहे, हे डोळ्यांनी दिसावे लागते. जमा की नावे.

आमच्या मुलीची पहिली गत होती. तिला दिलेले औषध ऐकून मी चकित झालो : पॅरासिटामॉल. तापाला आपण घरात ठेवतो तेच, अर्थात मात्रा आणि देखरेख वेगळी. आडवाट उघडी ठेवणारे द्रव्य शरीरात तयार होते, ते हे औषध कमी करते. अर्थात दिसली आडवाट की दे औषध, असेही नसते. बऱ्याच वाटा आपोआप मिटतात आणि वाट पाहणेही उपचारच असतो, हे डॉक्टरांनी आवर्जून सांगितले. तीन दिवसांनी तेच यंत्र पुन्हा पेटीशी आले. लाल धार दोऱ्याएवढी उरली होती, आणखी दोन दिवसांनी तीही नाही. नागपूरचा प्रवास टळला. ती मुलगी आता तिसरीत आहे आणि चिंचा पाडण्यात पटाईत आहे.

पडद्यावरच्या रंगांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण माझ्यासारखे घाबरणारे पुष्कळ असतील. लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळे म्हणजे अशुद्ध रक्त असे त्यात काही नसते. दांडीकडे येणारे रक्त लाल रंगात दाखवायचे आणि दूर जाणारे निळ्या, एवढा यंत्रवाल्यांचा संकेत. डॉपलरच्या निबंधात मात्र येणारा तारा निळा होता आणि जाणारा लाल! त्याचेच नाव लावलेल्या यंत्राने त्याचे रंग उलटे घेतले. रक्ताच्या वेगावरून दाबही काढता येतो. सेकंदाला जितके मीटर वेग, त्याचा वर्ग करायचा आणि चाराने गुणायचे. वेग ३ मीटर असेल तर दाबातला फरक ३६. आमच्याकडे व्याज काढायला यापेक्षा जास्त आकडेमोड लागत असे.

पेटीजवळ नेऊन करायच्या या तपासणीसाठी अमेरिका आणि युरोपातल्या तज्ज्ञसंस्थांनी २०११ मध्ये एकत्र नियम घालून दिले. नवजात शिशूंच्या डॉक्टरांनी यंत्र हाती घ्यावे, पण हृदयाची घडण संशयास्पद दिसली तर बालहृदयरोगतज्ज्ञाला दाखवावे, हा त्यांचा रोख. आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषाची मुले शोधली जातात. गोंदियात २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय तर इथल्या तीन पिढ्यांना माहीत आहे. तरीही यंत्र ही अर्धीच गोष्ट. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्टीतून आलेल्या बाळाच्या छातीवर ती दांडी टेकवणारा शिकलेला हात तिथे त्या रात्री असतो की नाही, ही उरलेली अर्धी.

शिवाय आपल्या देशात सोनोग्राफीच्या यंत्राला एक वेगळाच इतिहास चिकटला आहे. पोटातल्या मुली शोधून मारण्यासाठी ते वापरले गेले. त्याला आळा घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, आणि केंद्राचा १९९४ मध्ये आला. त्यामुळे यंत्राची नोंदणी लागते आणि २०१२ च्या नियमांनुसार हलवता येणारे यंत्र, फिरत्या रुग्णालयाचा अपवाद सोडला तर, नोंदवलेल्या आवाराबाहेर नेता येत नाही. डॉक्टर मंडळी या कागदपत्रांवर कुरकुरतात. मला त्यांची अडचण कळते, पण नियमाची बाजू मी सोडणार नाही. ज्या यंत्राने आमच्या घरची मुलगी वाचली, त्याच जातीच्या यंत्राने किती मुली जन्मालाच आल्या नाहीत हे विसरून कसे चालेल?

डॉपलरला आपण प्रागमध्ये सोडले होते. निबंध छापून आला, पण मास्तरकी सुटली नाही. एकेका सत्रात शेकडो विद्यार्थ्यांच्या लेखी आणि तोंडी परीक्षा त्याला एकट्याला घ्याव्या लागत. हात आखडता म्हणून विद्यार्थ्यांनी तक्रारी केल्या, वरून ठपका आला. छातीचे दुखणे बळावले आणि दीर्घ रजा घ्यावी लागली. १८४७ मध्ये तो आजच्या स्लोव्हाकियात असलेल्या शेम्निट्झच्या खाणविद्यालयात गेला, तर वर्षभरातच हंगेरीत उठाव पेटला. तिथून व्हिएन्ना. १८५० मध्ये सम्राटाने त्याला विद्यापीठाच्या नव्या भौतिकी संस्थेचा पहिला संचालक नेमले. सूतगिरणीतला हिशेबनीस साम्राज्याच्या राजधानीत सर्वोच्च खुर्चीवर बसला. त्याच्या हाताखाली शिकून गेलेल्यांत ग्रेगोर मेंडेल नावाचा एक मठवासी होता, पुढे वाटाण्यांची रोपे लावून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा.

हे सुख दोन वर्षांचे ठरले. १८५२ मध्ये योझेफ पेट्झवाल या गणितज्ञाने विज्ञान अकादमीत डॉपलरवर हल्ला चढवला. पेट्झवाल साधा माणूस नव्हता. कॅमेऱ्याच्या भिंगाचा त्याचा आराखडा युरोपभर गाजला होता. त्याचा आक्षेप असा की, जी गोष्ट दोन-चार ओळींच्या सोप्या आकडेमोडीत बसते ती निसर्गाचा मोठा नियम असूच शकत नाही. मोठ्या नियमाला मोठी समीकरणे हवीत. बाउस बॅलटच्या तुताऱ्या वाजून तोवर सात वर्षे झाली होती. तरी अकादमीत वजन पडले ते पेट्झवालच्या पारड्यात. बँकेच्या संचालक मंडळांच्या बैठकांना मी बसलेलो आहे. सोप्या कागदाला तिथेही किंमत कमीच असे.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात डॉपलर व्हेनिसला गेला. समुद्राच्या उबदार हवेने छाती सुधारेल अशी आशा होती. हवा मानवली नाही. माथिल्डे मुलांना घरी ठेवून त्याच्याजवळ पोचली. १७ मार्च १८५३ रोजी तो वारला आणि व्हेनिसच्या सान मिकेले बेटावरच्या दफनभूमीत त्याला पुरले. त्यानंतर तिसाव्या दिवशी, १६ एप्रिलला, बोरीबंदरहून ठाण्याला आपल्याकडची पहिली आगगाडी सुटली.